चाळीस फुटी कंटेनर आणि दोन गुंठे जमीन: भांडुपमधल्या एका कुटुंबाचे प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे ढोबळ आहेत.)

पार्श्वभूमी

भांडुप पश्चिमेला टेकडीच्या अंगाला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणारे चौघांचे कुटुंब. पती अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर, पत्नी घरून ब्लाउज शिवते आणि सकाळी एका पाळणाघरात जाते, मुलगी आठवीत, आणि पतीची आई. दोघांची मिळून महिन्याची कमाई 52 हजारांच्या आसपास. भाडे 17 हजार. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक भाडे वाढवणार की खोली खाली करायला सांगणार, ही टांगती तलवार दरवर्षी. सात वर्षांत त्यांनी भांडुपमध्येच चार खोल्या बदलल्या होत्या, कारण मुलीची शाळा बदलायची नव्हती.

शिल्लक होती नऊ लाख. त्यात पत्नीची भिशी होती, जुन्या नोकरीतून निघालेला प्रॉव्हिडंट फंड होता आणि आईने गावची म्हैस व दागिना विकून दिलेली रक्कमही होती. नऊ लाखांत भांडुपमध्ये घर येत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुरबाड तालुक्यात पतीचे गाव आहे. तिथे गावठाणात वडिलोपार्जित घर आहे, पण 2021 च्या पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली.

मी घरांच्या कागदपत्रांबाबत लोकांना सल्ला देते. 2023 च्या फेब्रुवारीत हे जोडपे आले, तेव्हा बाई गप्प होत्या आणि पती भलतेच उत्साहात होते. त्यांच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या चाकांवरच्या घरांचे, बसमध्ये थाटलेल्या संसाराचे आणि कंटेनरच्या टुमदार बंगल्यांचे कितीतरी व्हिडिओ होते. "ताई, घर म्हणजे भिंतीच ना? मग भिंती स्वस्तात मिळत असतील तर आपण बिल्डरला कशाला पैसे द्यायचे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात पुढचे चार महिने गेले.

अडचण नेमकी काय होती

दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. कळंबोलीजवळच्या एका विक्रेत्याकडे त्यांनी चाळीस फुटी कंटेनर घर पसंत केले होते: आत हॉल, छोटे स्वयंपाकघर, एक खोली, संडास-बाथरूम. किंमत साडेसात लाख, वर 18 टक्के जीएसटी. बुकिंगचे पन्नास हजार देऊनही झाले होते. दुसरीकडे वांगणी स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर एका एजंटाने दोन गुंठे जमीन पाच लाखांत दाखवली होती. एक एकराचे, म्हणजे 40 गुंठ्यांचे शेत वीस जणांत दोन-दोन गुंठ्यांनी वाटायचे, असा त्याचा बेत होता.

विक्रेता आणि एजंट दोघांचेही एक वाक्य समान होते: "हे बांधकाम नाहीच. हायड्रा लावली की उचलता येतं. परवानगी कसली घेता?" (हायड्रा म्हणजे क्रेन.)

सगळा व्यवहार या एका वाक्यावर उभा होता, म्हणून मी आधी तेच तपासायला घेतले.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेले बांधकाम तर त्यात येतेच, शिवाय जमिनीच्या वापरातला मोठा बदलही येतो. शेतात माणसे कायमची राहू लागली, सेप्टिक टाकी खोदली, चौथरे ओतले की वापर बदलला. भिंत विटेची आहे की पोलादाची, यावर ते ठरत नाही. बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. याच कायद्याच्या कलम 53 खाली विनापरवाना बांधकामावर नोटीस देऊन कारवाई होते. तात्पुरत्या स्वरूपाच्या विनापरवाना कामासाठी मात्र कलम 55 वेगळे आहे आणि त्यात ते पंधरा दिवसांत हटवण्याचा आदेश देता येतो. 'हे तात्पुरते आहे' हा बचाव म्हणून सांगितला जाणारा मुद्दा प्रत्यक्षात माणसाला वाचवत नाही. ज्याच्याकडे नऊ लाखच आहेत त्याला पंधरा दिवसांत चाळीस फुटी घर उचलून न्यायला कोण जागा देणार?

जमिनीचे कागद

सातबारा मागवला तर त्यावर मूळ शेतकऱ्यासह त्याच्या भावंडांची सहा नावे. जमीन प्रादेशिक योजनेत हरित पट्ट्यात, म्हणजे मुख्यतः शेतीसाठी राखलेल्या भागात. पती स्वतः शेतकरी आहेत की नाहीत, हाही प्रश्न होताच, कारण कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही. गावी शेत असले तरी सातबारावर नाव अजून आजोबांचे होते. त्यात शेताचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात दोन गुंठ्यांचा तुकडा बसत नव्हता, म्हणून नोंदणीकृत खरेदीखत होणार नव्हते. एजंट नोटरीपुढे साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) करून देणार होता. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे पाच लाख देऊनही सातबारावर यांचे नाव कधीच चढणार नव्हते. विजेबद्दल विचारले तर "शेजारच्या मीटरवरून घेऊ" असे उत्तर मिळाले.

आम्ही जागा पाहायला गेलो. फेब्रुवारीत ती सुंदरच दिसते, मागे माथेरानचा डोंगर, मोकळी हवा. पण शेताच्या कडेने नाला होता आणि तो पुढे उल्हास नदीला मिळत होता. वांगणीच्या लोकांना 27 जुलै 2019 विसरता येत नाही. त्या दिवशी याच भागात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. रिकामा चाळीस फुटी कंटेनर पावणेचार टनांच्या आसपास भरतो आणि त्याचा तळ जवळपास तीस चौरस मीटर असतो. आतले सामान धरून वजन दुप्पट झाले तरी तळाशी फूटभर पाणी भराभर चढल्यास, चौथऱ्याला नीट जखडलेला नसेल तर तो जागचा हलू शकतो. मी कागदावर हा हिशोब मांडला. पती बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. बाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या: "अहो, आपण घर घेतोय की होडी?"

पर्याय आणि त्यांचा हिशोब

बसचा विचार लवकर बाद झाला. जुनी बस घेऊन आत घर करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. तेही जमले तरी ती उभी कुठे करायची? मुंबईत रस्त्यावर कायमची वस्तू ठेवली तर महापालिका कायद्याच्या कलम 314 खाली ती नोटिशीशिवाय हटवता येते. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅनचे धोरण आणले, पण ते पर्यटनासाठी आहे. संसारासाठी त्याचा उपयोग नाही. अमेरिकेत कारखान्यात बनवून चाकांवरून आणल्या जाणाऱ्या घरांसाठी 1976 पासून केंद्र सरकारची बांधणीची संहिता आहे आणि ती ठेवायला परवानगी असलेले भूखंड आहेत. तरीही तिथे अनेकांचे घर स्वतःचे आणि जमीन भाड्याची असते. जमिनीचे भाडे वाढले तर घर हलवायचा खर्चच इतका येतो की बहुतेक जण मुकाट्याने वाढीव भाडे भरतात. 'चाकांवरचे' म्हटले तरी ते घर जमिनीच्या मालकाच्या मर्जीवरच उभे असते, हे पतींना तेव्हा खऱ्या अर्थाने पटले.

कंटेनर आणि वांगणीची जमीन यांचा पूर्ण हिशोब असा झाला. जीएसटीसह कंटेनर 8 लाख 85 हजार. ट्रेलर आणि हायड्रा मिळून 45 हजार. चौथरे, सेप्टिक टाकी, बोअर, पंप आणि वरची पत्र्याची शेड मिळून साडेतीन लाख. जमीन पाच लाख. एकूण 17 लाख 80 हजार. हातात नऊ, म्हणजे जवळपास तेवढेच कर्ज. जमिनीचे कागद स्वच्छ नाहीत आणि घर जंगम, म्हणजे हलवता येणारी मालमत्ता, म्हणून गृहकर्ज नाही. वैयक्तिक कर्ज 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेवीस हजार, चालू भाड्यापेक्षा जास्त. पाच वर्षांनी हातात काय राहणार? वापरलेला कंटेनर, ज्याला भंगाराच्या वर थोडेफार येते, आणि नोटरीचा कागद.

जागेचाही विचार झाला. चाळीस फुटी कंटेनर बाहेरून 40 बाय 8, म्हणजे 320 चौरस फूट. उष्णतारोधक थर आणि आतली प्लाय लावली की रुंदी सात फुटांच्या आसपास उरते. झोपडपट्टी पुनर्वसनात आज 300 चौरस फुटांचे घर मिळते, ते यापेक्षा मोठे वाटते, कारण त्यात खोली चौकोनी असते. सात फुटी बोगद्यात शिलाई मशीन कुठे बसवायचे, याचे उत्तर विक्रेत्याच्या नकाशात नव्हते.

दुसरा पर्याय बदलापूर-वांगणी पट्ट्यातला जुना वन आरके. पंधरा-सोळा लाखांत काही मिळत होते, पण पाहिलेल्या तीनपैकी दोन इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) नव्हते आणि बँक हात आखडता घेत होती.

तिसरा पर्याय होता म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळिंजची घरे. तिथे बरीच घरे न विकता पडून होती आणि सोडतीशिवाय, प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या पद्धतीने देऊ केली जात होती. अल्प उत्पन्न गटातले घर 24 लाखांच्या आतबाहेर. मे 2022 मध्ये उत्पन्न गटांच्या मर्यादा बदलल्या, त्यानुसार मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक 6 ते 9 लाख उत्पन्न असलेले कुटुंब अल्प उत्पन्न गटात येते. हे कुटुंब जेमतेम त्यात बसत होते. स्वतःचे आठ लाख घालून 17 लाखांचे गृहकर्ज 9 टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता 15 हजार 300 येत होता. आक्षेप मात्र जोरदार होते. पाण्याची ओरड होती. विरार लोकलची गर्दी कुणाला सांगायला नको. आणि मुलीची शाळा भांडुपला.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा: भाड्याने राहायचे आणि नऊ लाख मुदत ठेवीत ठेवायचे. हा पर्याय लोक हसण्यावारी नेतात, पण माझ्या मते अनेक कुटुंबांसाठी तोच सगळ्यात सुरक्षित असतो. यांच्याबाबतीत आईचे वय आणि दरवर्षीची खोलीची शोधाशोध यामुळे तो मागे पडला.

निर्णय कुठे वळला

कागदांनी पती निम्मे पटले होते, पूर्ण नाही. चार वर्षे डोळ्यांसमोर ठेवलेले स्वप्न सातबारा पाहून सुटत नाही. मी त्यांना सुचवले की सगळ्यांनी मिळून भर दुपारी कंटेनरसारख्या एखाद्या पत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन बसा. मे महिना चालू होता. ओळखीच्या एका बांधकामाच्या साइटवर ऑफिसची केबिन होती. तिथला एसी बंद करायला सांगितला. बाहेर आर्द्रतेने जीव नकोसा झालेला, आत पत्रा तापलेला. आई बाहेर येऊन सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला गावच्या पडक्या घरात ठेवा, पण यात नको."

या वाक्याने दोन दारे उघडली. वांगणीचा बेत त्या दिवशी संपला. शिवाय आईंना गावीच राहायचे आहे, ही गोष्ट इतक्या महिन्यांत कुणी त्यांना विचारलीच नव्हती. मुंबईत चौघांसाठी घर शोधायचे हे सगळ्यांनी धरून चालले होते. प्रत्यक्षात तिघांसाठी मुंबई परिसरात आणि एकीसाठी मुरबाडला, अशी गरज होती.

पुढे काय केले

बुकिंगचे पन्नास हजार परत मागितले. लेखी करार नव्हता, फक्त पावती होती, त्यामुळे निम्मेच मिळाले. एजंटाला अजून विसार दिलेला नव्हता, ते बरे झाले.

म्हाडाचे घर पत्नीच्या नावे घेतले. अर्ज, उत्पन्नाचे दाखले, बँकेची मंजुरी यांत सहा महिने गेले. 2024 च्या सुरुवातीला ताबा मिळाला. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचे पाणी वसई-विरारला येऊ लागले होते, त्यामुळे पाण्याची सगळ्यात मोठी भीती कमी झाली.

मुलगी तेव्हा नववीत होती. दहावी होईपर्यंत शाळा बदलायची नाही, यावर बाई ठाम राहिल्या. त्यामुळे मार्च 2025 पर्यंत हप्ता आणि भांडुपचे भाडे दोन्ही भरावे लागले, महिन्याला 32 हजारांच्या वर. बाईंनी पाळणाघराची दुपारची पाळीही घेतली, सोने तारण ठेवले, आणि पतीने दिवाळीत गावी जाणे टाळले. हा काळ फार ओढाताणीचा होता. कोणाला हे प्रकरण यशाची गोष्ट वाटत असेल तर ही सव्वा वर्षे त्यात धरावीत.

आईसाठी मात्र 'हलते घर'च घेतले. मुरबाडच्या गावठाणातल्या जागेत, पडक्या घराच्या ओट्यासमोर, बांधकाम साइटवरून निघालेली वीस फुटी जुनी पोर्टा केबिन (उचलून नेता येणारी तयार खोली) आणून बसवली. घराची ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नोंद होती, वीजमीटर होते, विहिरीचे पाणी होते. सरपंचांकडे अर्ज करून, जुने घर दुरुस्त होईपर्यंत केबिन ठेवण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही असा लेखी कागद घेतला. साइटवरचा दुपारचा अनुभव लक्षात ठेवून बदल केले: दोन फूट उंच चौथरे, समोरासमोर दोन खिडक्या, आणि केबिनच्या वर दीड फूट अंतर सोडून पत्र्याची वेगळी शेड, म्हणजे ऊन शेडवर पडते आणि मधून वारा वाहतो. संडास जुनाच, घराच्या मागचा. केबिन, वाहतूक आणि शेड मिळून दोन लाखांच्या आत काम झाले. आई तिथे राहतात. पावसात पत्र्याचा आवाज फार होतो अशी त्यांची तक्रार आहे. उन्हाळ्यात त्या दुपारी ओट्यावरच्या आंब्याखाली असतात आणि झोपायला आत जातात.

आता मागे पाहता

तीच वस्तू वांगणीत धोक्याची ठरली असती आणि मुरबाडमध्ये उपयोगी पडली. पोलाद तेच आहे, फरक जागेवरच्या हक्काचा आहे. मुंबईत घर महाग आहे ते जमीन, परवानगी आणि रेल्वेच्या जवळपणामुळे. कंटेनर या तिन्हींपैकी एकही स्वस्त करत नाही. तो वाचवतो बांधकामाचा खर्च, जो या शहरात एकूण किमतीचा लहान भाग असतो. म्हणून ज्याच्याकडे कायदेशीर जमीन आधीच आहे आणि तिथे वीज-पाणी आहे, त्याच्यासाठी हा पर्याय खरोखर स्वस्त आहे. ज्याला त्यासाठी जमीन विकत घ्यायची आहे, त्याच्यासाठी बहुतेक वेळा नाही.

यात काय वेगळे करता आले असते, यावर आम्ही नंतर सविस्तर बोललो. कंटेनर पसंत करण्याआधी जमिनीचा सातबारा, फेरफार, झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा पाहायला हवा होता. हे सगळे मिळायला फार पैसे लागत नाहीत, तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन फेऱ्या लागतात. बुकिंगच्या पावतीवर 'जमिनीला परवानगी न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत' एवढे एक वाक्य लिहून घेतले असते तर पंचवीस हजार वाचले असते. म्हाडाचा पर्याय त्यांनी आधीच पाहिला असता तर दुहेरी खर्चाचा काळ कमी झाला नसता, कारण तो शाळेमुळे होता. पण विरारजवळ आठवीतच शाळा शोधण्याचा विचार झाला असता. बाई आजही म्हणतात की त्यांनी तेव्हाही शाळा बदलली नसती, आणि मला ते पटते.

आईला आधी विचारायला हवे होते, हे मात्र सगळ्यांनाच मान्य आहे. घराच्या चर्चेत ज्यांच्या नावावर कर्ज होणार त्यांचेच मत घेतले जाते. दिवसाचे चोवीस तास घरात काढणाऱ्या माणसाला शेवटी विचारतात. आता अशा कुटुंबांशी बोलताना मी पहिल्याच बैठकीत आजी-आजोबांनाही बोलावते.

सरकारी पातळीवरही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. धोकादायक इमारती रिकाम्या केल्या की लोकांना संक्रमण शिबिरात पाठवतात आणि त्यातली कितीतरी कुटुंबे दशकानुदशके तिथेच अडकतात. मोकळ्या सरकारी जमिनीवर, ठरावीक मुदतीसाठी, नीट उष्णतारोधक केलेली हलवता येणारी घरे त्या कामी वापरता येतील. पण मुदत संपल्यावर माणसे कुठे जाणार, हे आधी लिहून ठेवले असेल तरच. नाहीतर पोलादी शिबिर तयार होईल, एवढेच.

सध्याची स्थिती

तिघे विरारला राहतात. पती सकाळी विरारहून अंधेरीला लोकलने आणि पुढे मेट्रोने मरोळला जातात. दारापासून दारापर्यंत दीड तासाच्या वर लागतो आणि भांडुपपेक्षा हा प्रवास लांबच आहे. बाईंनी हॉलच्या खिडकीशी शिलाई मशीन लावले आहे, सोसायटीतली गिऱ्हाइके जमू लागली आहेत. मुलगी अकरावीला विरारमध्येच आहे. सोडवायचे सोने अजून अर्धे बाकी आहे.

मुरबाडच्या घराची भिंत बांधायची तर आधी आजोबांच्या नावाची वारस नोंद व्हायला हवी. पतीच्या दोन आत्या हयात आहेत आणि त्यांची नावेही लागणार आहेत. एका आत्याने संमती दिली आहे, दुसरीशी बोलणे चालू आहे. तलाठ्याकडे अर्ज दिलेला आहे. तो मार्गी लागला की केबिनची जागा मोकळी करायची आणि केबिन शेताच्या बांधावर अवजारे ठेवायला न्यायची, असे ठरले आहे.